साडीला नख लागलं

साडीच्या दुकानात गिऱ्हाईक सेल्समनच्या तोंडाकडे फारसं बघत नाही. नजर असते साडीवर आणि ती उलगडणाऱ्या हातांवर. दादर पश्चिमेच्या एका जुन्या दुकानात मी बरीच वर्षं गादीवर बसतोय. पैठणी, नारायणपेठी, इरकल, कांजीवरम, लग्नाचे शालू. घडी मोडायची, काठ धरून साडी पसरायची, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवायचा, ताईंनी मान हलवली की पुन्हा त्याच मोडीवर घडी बसवायची. लग्नसराईत संध्याकाळपर्यंत गादीवर ढीग साचतो आणि तो सगळा याच दहा बोटांनी परत कपाटात जातो. तोंडाने मी "वहिनी, हा रंग तुम्हाला खुलेल" म्हणतो ते ठीक आहे, पण साडी विकतात ती बोटं.

तीच बोटं बिघडली. नखांचा सोरायसिस आणि त्याच्या जोडीने येणारा सांध्यांचा आजार, सोरियाटिक आर्थ्रायटिस. मराठीत यावर काही शोधायला गेलं की एक तर कडुलिंबाचा लेप सापडतो, नाहीतर "मुळापासून बरा" करून देणाऱ्यांच्या जाहिराती. म्हणून माझं मी लिहून ठेवतोय. औषधांची नावं येतील ती माझ्या कागदावरची आहेत. तुमच्या कागदावर काय असावं ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

सुरुवात उजव्या अंगठ्यापासून झाली. नख टोकाकडून सुटायला लागलं. नख गुलाबी दिसतं ते खालच्या मांसामुळे. पकड सुटली की मध्ये हवा शिरते आणि तेवढा भाग पांढरट दिसतो. माझ्या सुटलेल्या भागाच्या कडेने तांबूस-पिवळा पट्टा होता आणि नखाच्या मधोमध एक तेलकट पिवळा ठिपका, जो कितीही घासला तरी जाईना, कारण तो नखावर नव्हताच, नखाखाली होता. मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या नखांवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडले होते. नेलकटर लावला की नख सरळ कापलं जायचं नाही, भुगा पडायचा आणि पापुद्रे उभे राहायचे.

अशाच एका पापुद्र्यात एकदा येवल्याच्या पैठणीची जर अडकली. पदरावर मोराच्या मानेजवळ. मला कळलंच नाही. मी काठ पुढे सरकवायला हात उचलला आणि सोनेरी तार बोटाबरोबर वर आली, तिच्या दोन्ही बाजूंना रेशीम चुण्या पडून आखडलं. समोर आई, मुलगी आणि मुलीची होणारी सासू बसलेली. तिघी एकदम गप्प. मी पदर दुमडून "दुसरा रंग दाखवतो" म्हटलं आणि साडी मागे सरकवली. रफूगाराने नंतर तार सुईने मागे घेत घेत बसवली. ज्याला माहीत आहे त्यालाच दिसेल इतकं चांगलं काम केलं त्याने. शेठ ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी फक्त म्हणाले, "तू काही दिवस कॉटन बघ." लग्नाच्या गादीवरून कॉटनवर जाणं म्हणजे काय हे दुकानात काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही.

घराजवळच्या डॉक्टरांनी नखं लांबूनच बघितली. "फंगस आहे. पावसाळ्यात ओले बूट घालून फिरता ना तुम्ही लोक." बूट पायात असतात आणि मी हात दाखवत होतो, पण त्यांच्या दवाखान्यात संध्याकाळी उभं राहायला जागा नसते, वाद कोण घालणार? बुरशीच्या गोळ्या चालू झाल्या आणि महिनोन् महिने चालू राहिल्या. फरक पडत नाही म्हणून पुन्हा गेलो तर म्हणाले, "पुरुषमाणसाला नखाचं काय एवढं?"

बुरशी आहे की नाही हे ठरवायची तपासणी अगदी साधी असते हे मला पुढे कळलं. नखाखालचा भुगा खरवडतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात. सोरायसिस आणि बुरशी एकाच नखात सुखाने नांदूही शकतात, त्यामुळे नुसत्या नजरेने "हे" की "ते" म्हणण्यात अर्थ नाही. गोळ्या महिनोन् महिने गिळायच्या असतील तर आधी खरवडून बघा असं म्हणायचा पेशंटला हक्क आहे. माझ्या नखांत बुरशी नव्हती.

दरम्यान टाच दुखायला लागली. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की पहिली दहा-वीस पावलं भिंत धरून. हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, "टाचेचं हाड थोडं वाढलंय" म्हणाले आणि बुटात घालायच्या सिलिकॉनच्या गाद्या दिल्या. मग उजव्या पायाचं एक बोट मुळापासून टोकापर्यंत सुजलं, नुसता सांधा नव्हे, अख्खं बोट. सगळ्या मुंबईला पाठ असलेलं निदान मलाही मिळालं: युरिक ॲसिड. तपासलं, नॉर्मल. मग आमवातासाठी रक्तात बघतात तो आरए फॅक्टर, तोही निगेटिव्ह. "म्हणजे वात नाही. वजन कमी करा."

नखाची फाइल एका दवाखान्यात, टाचेची दुसऱ्या, बोटाची तिसऱ्या. तिन्ही माझ्याच पिशवीत होत्या, पण एकमेकींशी बोलत नव्हत्या.

शिवाय या दुखण्याची एक खोड आहे. ते सकाळचं दुखणं आहे. उठल्यावर माझी मूठ वळायची नाही. टूथपेस्टचं झाकण दाताने उघडायचो, शर्टाची वरची बटणं बायको लावून द्यायची. डोंबिवलीहून सकाळी लोकलमध्ये चढणाऱ्या माणसाला दांडा घट्ट धरता येत नसेल तर त्याने फलाटावर उभं राहून दुसऱ्यांचं चढणं बघावं. मी नेहमीची गाडी सोडून उशिराची धरायला लागलो. गरम पाण्यात हात बुडवून, ते उघड-मीट करून तासाभराने बोटं सैल व्हायची, आणि दुकानात काम करता करता आणखी सुटायची. संध्याकाळी दवाखान्यात पोचेपर्यंत हात जवळजवळ बरा. डॉक्टर सांधे दाबून बघायचे, मी म्हणायचो, "आत्ता एवढं नाही." कामाने दुखणं वाढतं आणि आरामाने कमी होतं ती झीज; इथे उलटं, आराम केला की आखडतं आणि हालचालीने सुटतं. हा फरक डॉक्टरांना सांगणं फार महत्त्वाचं असतं, पण विचारल्याशिवाय तो सांगायचं सुचत नाही. सकाळी सुजलेल्या बोटांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, एवढं मी आता सगळ्यांना सांगतो.

आमचं दुकान सोमवारी बंद. अशाच एका सोमवारी परळच्या महापालिकेच्या रुग्णालयात केस पेपर काढून त्वचाविभागात जाऊन बसलो. नंबर लागायला दुपार झाली. समोर एक शिकाऊ डॉक्टर मुलगी, माझ्या भाचीच्या वयाची. तिने दहाही बोटं दिव्याखाली एकेक करून बघितली. मग मोजे काढायला लावले. मग कानामागे बघितलं, केस बाजूला करून टाळू बघितली, बेंबी बघितली. डोक्यात मला वर्षानुवर्षं कोंडा होता, शाम्पू बदलत राहायचं एवढंच माझं त्याच्याशी नातं. तिने मानेच्या वर केसांच्या कडेला बोट लावून सरांना हाक मारली. तो कोंडा नव्हता, सोरायसिसचा चट्टा होता. घरात कुणाला आहे का, तिने विचारलं. वडिलांच्या दोन्ही कोपरांवर जाड पांढरे चट्टे होते, घरात त्याला इसब म्हणायचे आणि करंजाचं तेल लावायचे. ते आठवून सांगेपर्यंत तिचा पुढचा प्रश्न आला: "काका, सकाळी उठल्यावर हात किती वेळ आखडलेले असतात?"

नखं दाखवायला गेलेल्या माणसाला तोवर हे कुणी विचारलं नव्हतं.

तिने आणि नंतर संधिवाताच्या विभागातल्या डॉक्टरांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत असं. सोरायसिस हा कातडीचा आजार म्हणून ओळखला जातो, पण मुळात ती शरीराच्या संरक्षण यंत्रणेची गडबड आहे. ती कातडीवर उतरते तशी नखांत आणि सांध्यांतही उतरते. सोरायसिस असलेल्यांपैकी साधारण निम्म्यांच्या नखांवर परिणाम दिसतो. सांध्यांचा आजार झालेल्यांमध्ये हेच प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास जातं. सोरायसिसवाल्यांपैकी सांधे धरतात ते ३० टक्क्यांपर्यंत लोकांचे, बहुतेकदा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान. बऱ्याच जणांत कातडी आधी बिघडते आणि सांधे काही वर्षांनी. माझ्यासारख्यांच्या कातडीवर दिसण्यासारखं फारसं नसतं, सगळं डोक्याच्या केसांत आणि कानामागे लपलेलं.

नख आणि सांधा यांचा संबंध ऐकून मी चाटच पडलो. बोटाच्या शेवटच्या सांध्याला सरळ करणारा स्नायुबंध हाडाला जिथे चिकटतो, तिथून त्याचे तंतू पुढे नखाच्या मुळापर्यंत गेलेले असतात. म्हणजे नखाचं मूळ आणि तो सांधा एकाच खोलीत राहतात, मधली भिंत नाहीच. इंग्लंडमधल्या लीड्सच्या संशोधकांनी एमआरआय आणि ऊतींची तपासणी करून हे दाखवलं. या आजारात सूज अशाच जागा धरते, जिथे स्नायुबंध हाडाला जोडला जातो. टाचेच्या मागे आणि तळव्याखालीही तीच गोष्ट. माझी टाच, नखं आणि पायाचं सुजलेलं बोट ही एकाच घरची माणसं निघाली.

मला सगळ्यात गंमत वाटली ती आरए फॅक्टरची. हा आजार ठरवायला २००६ पासून गुण देण्याची एक पद्धत वापरतात, कॅस्पर नावाची. सांध्यांना सूज असलेल्या माणसाला तीन गुण मिळाले की निदान पक्कं धरतात. अंगावर आज सोरायसिस आहे, दोन गुण. नखांवर खड्डे किंवा नख सुटणं, एक गुण. अख्खं बोट सुजणं, एक गुण. आणि आरए फॅक्टर निगेटिव्ह, हाही एक गुण. ज्या रिपोर्टवर बोट ठेवून मला "वात नाही" म्हणून घरी पाठवलं होतं, तोच कागद इथे माझ्या बाजूने साक्ष द्यायला उभा राहिला. शाळेत कधी मिळाले नाहीत असे चांगले मार्क पडले मला.

उपचार सुरू झाले ते मेथोट्रेक्सेटने. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, आणि हे वाक्य मी दोनदा लिहिलं तरी कमीच आहे. आठवड्यातून एकदाच. रोज घेतली गेली तर ती रक्तपेशी खाली आणते, जिवावर बेतू शकतं. केमिस्टकडच्या गर्दीत पाकिटावर सवयीने "रोज १" असं लिहिलं जाऊ शकतं, म्हणून बायकोने डबीवर लाल स्केचपेनने "रविवार रात्र" असं लिहून ठेवलंय. रविवार रात्र यासाठी की दुसऱ्या दिवशी मळमळतं, आणि सोमवारी मला सुट्टी. फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांनी दिली तशी वेगळ्या दिवशी. ठरावीक काळाने रक्त तपासायचं: पेशी, यकृत, किडनी. दारू बंद. घरात पाळणा हलायचा विचार असेल त्यांनी हे डॉक्टरांना आधीच सांगायला हवं, कारण गरोदरपणात हे औषध अजिबात चालत नाही. मेव्हण्याच्या हळदीला मी लिंबू सरबताचा ग्लास घेऊन बसलो तर लोकांनी मला कावीळ झाली असं परस्पर ठरवून टाकलं.

पहिले काही आठवडे वेदनाशामक गोळीवरच भागवायचं होतं. मेथोट्रेक्सेटला सांध्यांवर काम करायला दीड ते तीन महिने लागतात आणि नखांना त्याहून जास्त. इथेच बहुतेक लोक सुटतात असं मला वेटिंग रूममध्ये बसून बसून वाटायला लागलंय. महिनाभर गोळी घेतली, नख तसंच आहे, बदला डॉक्टर. पण नखाचा हिशेब वेगळा आहे. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, अख्खं नवीन यायला सहा महिने लागतात. पायाचं तर वर्ष-दीड वर्ष. नखाचं मूळ म्हणजे माग आहे. आज मागावर धागा नीट लागायला लागला तरी आधीचं चुकलेलं कापड पुढे गुंडाळलं गेलंय, ते संपेपर्यंत चांगलं दिसणार नाही. मी महिन्यातून एकदा ट्यूबलाइटखाली काळ्या ब्लाऊजपीसवर हात ठेवून फोटो काढतो. रोज बघितलं की काहीच हललेलं दिसत नाही. फोटो शेजारी ठेवले की मुळाकडून गुळगुळीत नखाची एक पट्टी वर येताना दिसते आणि खड्ड्यांची हद्द टोकाकडे सरकलेली असते. डॉक्टरांचं मोजमाप याहून नेमकं असतं. ते प्रत्येक नखाचे मनातल्या मनात चार भाग करतात. प्रत्येक भागात मुळाची खराबी आहे का, तळाची आहे का, एवढंच बघायचं; एका नखाला जास्तीत जास्त आठ, दहा बोटांना ऐंशी. याला नॅप्सी म्हणतात. माझ्या पहिल्या कागदावर बत्तीस होते, आता चौदा आहेत.

नखांवर लावायला कॅल्सिपोट्रिऑल आणि बीटामेथासोन एकत्र असलेलं मलम दिलं. ते सुटलेल्या नखाच्या वरून लावून उपयोग नाही, खाली पोचायला हवं. म्हणून सुटलेला भाग जिथवर चिकटलेला आहे तिथवर कापून टाकायला सांगितला. पहिल्यांदा छाती होत नव्हती. पण तो भाग मेलेलाच असतो, दुखत नाही, आणि लांब राहिला की कशाततरी अडकून उरलेलं नखही उचकटतो. रात्री मलम, वर सुती हातमोजे. नखाच्या मुळाशी स्टिरॉइडचं इंजेक्शन देण्याचाही एक उपाय असतो. दोन-तीनच नखं असतील तर त्याचा विचार करतात, तो बराच दुखतो असं शेजारी बसलेल्या एका बाईंनी अंगठा दाखवून सांगितलं. माझी नखं जास्त आणि सांधेही धरलेले, त्यामुळे पोटातून औषध देऊन दोघांना एकदम गाठायचं असं ठरलं.

नखाखाली टोकरायचं नाही, हा नियम मला सगळ्यात जड गेला. पांढरा भुगा दिसला की हात शिवशिवतात. पण सोरायसिसला मार लागलेली जागा आवडते. ओरखडा, ठेच, दाब बसला की तिथेच तो उगवतो, त्याला कोबनर परिणाम म्हणतात. टोकरून स्वच्छ केलेलं नख आणखी सुटतं. मॅनिक्युअर करणाऱ्यांनी कातडी मागे ढकलू नये, भांडी घासणाऱ्यांनी आतून सुती असलेले रबरी मोजे घालावेत, आणि माझ्यासारख्याने नख कातडीलगत कापून कानशीने एकाच दिशेने घासून ठेवावं. खोबरेल तेलाने नख बरं होत नाही, पण पापुद्रे बसतात आणि जर अडकत नाही. तेल मात्र रात्रीच. रेशमावर तेलाचं बोट लागलं तर नखापेक्षा वाईट.

हातमोज्यांनी दुकानात भलताच प्रकार घडवला. औषधाला गुण यायला लागल्यावर शेठने मला पुन्हा पैठणीला बसवायचं म्हटलं, पण मला धीर होईना. मग मी पातळ पांढरे सुती मोजे घालून साडी दाखवायला लागलो. गिऱ्हाईक खूश! एक काकू सुनेला म्हणाल्या, "बघ, मालाची किती काळजी घेतात." त्या दिवशी शेठनी सगळ्या सेल्समनसाठी मोजे मागवले. बाकीच्यांनी मला जी नजर दिली ती मी विसरणार नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात, दुपारी तीनला, मोजे घालून घड्या घालून बघा. दिवाळीपर्यंत सगळ्यांचे मोजे गल्ल्याच्या खणात गेले, माझे तेवढे राहिले.

मोजे नसतानाचा एक प्रसंगही लिहितो. एका बाईंनी माझ्या हातातली नारायणपेठी दोन बोटांनी आपल्याकडे ओढली आणि हळूच विचारलं, "दादा, हे लागत नाही ना?" विचारलं ते बरंच केलं. मी सांगितलं, नाही लागत, हा संसर्ग नाही, माझी बायको माझ्याच ताटात जेवते. शेजारी बसणारे आमचे जुने मामा मध्येच बोलले, "ताई, वीस वर्षं याच्या मांडीला मांडी लावून बसतोय, मला त्याची कमिशनची हाव लागली, बाकी काही नाही." बाई हसल्या, साडी घेतली. न विचारता उठून जाणारे जास्त त्रास देतात. त्यांना उत्तर देता येत नाही.

सल्ले तर रस्त्याने जाता जाता मिळतात. वांगं वातूळ, बटाटा वातूळ, हरभरा तर विचारूच नका. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने झालं असणार, हे तर आमच्या मजल्यावरचं एकमताने झालेलं निदान आहे. मी मूळचा मालवणकडचा. सोलकढीतलं दूध नारळाचं असतं हे सांगूनही खटला मागे घेतला गेलेला नाही. खरं सांगायचं तर खाण्यापिण्यातला डॉक्टरांनी आग्रहाने सांगितलेला एकच मुद्दा वजनाचा. वजन उतरलं की सांध्यांची सूज उतरायला आणि औषध लागू पडायला मदत होते. दुसरं सिगरेट. मी ओढत नाही, म्हणून त्यावर भाषण देण्याचा अधिकार मला नाही. एका ओळखीच्यांनी पुड्या आणून दिल्या होत्या, नाव नाही, काय आहे ते लिहिलेलं नाही, "आठ दिवसांत फरक". आठ दिवसांत फरक पाडणाऱ्या पुडीत बहुधा स्टिरॉइड असतं. ते पोटातून घेऊन अचानक थांबवलं तर सोरायसिस उसळून अंगभर पूवाचे फोड येऊ शकतात. पुड्या मी त्यांना परत केल्या. ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

आता कुठवर आलोय? टाच बऱ्यापैकी शांत. सकाळी मूठ वळते, लोकलचा दांडा धरता येतो, दादरचा पूल धापा न टाकता चढतो. नखांपैकी करंगळ्या आणि तर्जनी साफ झाल्या. पण उजवा अंगठा अडून बसलाय आणि मधल्या बोटाचा शेवटचा सांधा अजून सुजतो. एक्स-रेमध्ये त्या सांध्याच्या कडेला हाड कुरतडायला सुरुवात झालेली दिसली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, नुसत्या मेथोट्रेक्सेटवर आणखी वाट बघायची नाही. सूज जिरते, पण एकदा कुरतडलेलं हाड पहिल्यासारखं होत नाही.

म्हणून आता इंजेक्शन, अडालिमुमॅब. सूज पेटवणारा टीएनएफ नावाचा एक घटक शरीरात असतो, त्याला हे अडवतं. पोटावर किंवा मांडीवर दर पंधरा दिवसांनी, घरच्या घरी टोचायचं. मूळ औषध परदेशी आणि परवडणारं नव्हतं. २०१४ च्या डिसेंबरमध्ये झायडसने त्याची भारतीय आवृत्ती बाजारात आणली, नंतर आणखी कंपन्या आल्या, त्यामुळे माझ्यासारख्याच्या तोंडी हे नाव तरी येऊ शकतं. तरीही महिन्याचा खर्च ऐकून बायकोने वही काढली आणि भिशीचा नंबर कधी लागतो ते बघितलं.

पण इंजेक्शन लगेच मिळालं नाही. त्याआधी टीबी तपासतात, कारण टीएनएफ अडवला की छातीत वर्षानुवर्षं झोपलेले टीबीचे जंतू जागे होऊ शकतात, आणि मुंबईच्या लोकलमध्ये आयुष्य काढलेल्या माणसात ते झोपलेले असणं काही नवल नाही. हातावर टोचून घेतलेली मांटूची जागा सुजली. लहानपणच्या बीसीजीमुळेही तशी सुजू शकते म्हणून रक्ताची वेगळी तपासणी केली, तीही पॉझिटिव्ह. छातीचा एक्स-रे स्वच्छ. म्हणजे आजार नाही, नुसते जंतू आहेत. त्यावर आयसोनियाझिड सुरू आहे, सोबत बी-६ ची गोळी. किमान महिनाभर ते पोटात गेल्यावर इंजेक्शन सुरू करायचं आणि ही गोळी पुढेही कोर्स संपेपर्यंत चालू ठेवायची. मेथोट्रेक्सेट आणि हे, दोन्हींचा भार यकृतावर, त्यामुळे रक्ततपासणी आता जास्त वेळा. हिपॅटायटिसच्या तपासण्याही करून घेतल्या, त्या ठीक आल्या.

पहिलं इंजेक्शन गौरी-गणपतीच्या गर्दीच्या आधी घ्यायचं असं ठरलंय. शेठच्या कानावर घातलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, सुट्टी किती लागेल ते विचारलं. "लागणार नाही" म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला आणि ते उदार झाले: "फ्रिजमध्ये ठेवावं लागतं ना ते? दुकानातल्या फ्रिजमध्ये ठेव, प्रवासात उगाच गरम नको व्हायला." औषधाला दोन ते आठ अंश लागतात. दुकानातल्या त्या फ्रिजमध्ये गिऱ्हाइकांची थंड पेयं असतात, त्याचं दार दर पाच मिनिटांनी उघडतं, आणि मामा रोज दुपारी ताकाची बाटली ठेवायला त्यातलं सगळं सामान हलवतात. मी शेठना हो म्हटलंय. इंजेक्शन घरीच ठेवणार आहे, लोण्याच्या डब्यामागे.